‘वाच’ म्हणणारे आप्पा

आप्पांनी मला कधी ‘हॅलो’ म्हटलं नाही. सकाळी फोन वाजायचा, मी उचलायची आणि पलीकडून एकच शब्द यायचा, ‘वाच.’ रामराम नाही, झोप झाली का नाही, पाऊस आहे का नाही. मग मी त्यांच्या पेटीत रात्रीतून आलेले मेल एकेक करून वाचायची, ते उत्तर सांगायचे, मी ते लिहून पाठवायची. या कामाला व्हर्च्युअल असिस्टंट म्हणतात. आमच्या गावात हे कुणाला सांगून कळत नाही, म्हणून आई शेजारणींना सांगायची, ‘कोल्हापूरच्या एका म्हाताऱ्याचं टपाल बघते आमची पोरगी.’ आईचंच जास्त बरोबर होतं.

आमचं गाव चंदगड तालुक्यात. पावसाळ्यात लाईट गेली की कधी येईल ते सांगता येत नाही आणि नेट मिळतं ते फक्त घराच्या माळ्यावर, तेही काजूची पोती सरकवून खुर्ची अगदी खिडकीला लावली तर. इचलकरंजीला यंत्रमागाच्या कारखान्यात हिशेब लिहिणाऱ्या मामानं ओळख काढून आप्पांचा नंबर दिला होता. आप्पांचं लोखंडी ओतकाम होतं, पंपाचे आणि मोटारींचे सुटे भाग करायचे. कारखाना गावाबाहेर आणि ऑफिस शाहूपुरीत. मी माझं शिक्षण, टायपिंग, पुण्याच्या एका कंपनीसाठी केलेलं काम असं सगळं पाठ करून ठेवलं होतं. त्यांनी त्यातलं काहीच विचारलं नाही. गाव कुठलं एवढं विचारलं आणि मी सांगितल्यावर म्हणाले, ‘म्हंजे लांब हाय. ब्येस झालं.’ काम करणारी लांबून, उंटावरून शेळ्या हाकणारी असली की मालक नाक मुरडतो असा माझा अनुभव. इथं लांब असणं हीच लायकी ठरली होती आणि त्याचं कारण मला पुढे कितीतरी दिवस कळलं नाही.

आडनावही विचारलं. आमचं आडनाव ऐकल्यावर पुढचा माणूस कधी कधी एकाएकी फार अदबीनं बोलायला लागतो. ती अदब मला शिवीपेक्षा जास्त टोचते. आप्पांची अदब आधीही नव्हती, नंतरही आली नाही. एकदा फोनमधून त्यांना आईची बुद्धवंदना ऐकू गेली. तेव्हापासून खाली वंदना चालू असली की ते गप्प राहायचे आणि संपली की म्हणायचे, ‘झाली न्हवं? वाच आता.’

त्यांची उत्तरं ऐकून सुरुवातीला माझा घाम निघायचा. चेन्नईचं गिऱ्हाईक मालासाठी तगादा लावतं आहे, तर आप्पा सांगणार, ‘त्याला लिही, वतल्याबिगर लोखंड थंड हुत न्हाय आन् थंड झाल्याबिगर मी देत न्हाय. गप बस म्हणावं.’ मी ते इंग्रजीत घोळून, साखर लावून पाठवायची. माझी समजूत अशी, की म्हाताऱ्याला इंग्रजीतलं काय कळतंय. पहिल्याच आठवड्यात त्यांनी पाठवलेलं सगळं संध्याकाळी परत वाचून दाखवायला सांगितलं आणि मधेच मला अडवून विचारलं, ‘हे काइंडली कुणाचं? माझं न्हवं.’ त्यांना इंग्रजी माझ्याहून चांगलं येत होतं, फक्त त्यांनी ते कधी अंगावर मिरवलं नव्हतं. शेवटी आमच्यात तह झाला. एका मेलमध्ये एक काइंडली, तेसुद्धा शेवटी.

भुरट्या मेलच्या बाबतीत मात्र मी त्यांच्यापुढे हात टेकले. सोडती, कर्जं, टक्कल जाण्याची औषधं, सगळं त्यांना ऐकायचं असायचं. मी म्हणायची, आप्पा, हे मी न वाचता टाकून देते. ते म्हणायचे, ‘दारात पावणं आलंय, निदान काय म्हणतंय ते तर ऐकू.’ एकदा कुणा परदेशी माणसाचा मेल आला की त्याचा चुलता वारला, मागे सोन्याचे ढीग आहेत आणि ते सोडवायला मदत पाहिजे. हे सगळं थोतांड असतं हे मी चार प्रकारे समजावून सांगितलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. त्यांनी चुलत्याला पोरंबाळं होती का, असं विचारलं. मेलमध्ये तसं काही नाही म्हटल्यावर म्हणाले, ‘सोनं ऱ्हाऊ दे. चुलता मेलाय त्याचा, दोन वळी लिही की.’ मी त्या भामट्याला शोकसंदेश पाठवला. उत्तर आलं नाही. आप्पांनी दोन-तीनदा विचारलं आणि मग म्हणाले, दुःखात असंल.

त्यांनी माझ्यापासून लपवलेलं मला एका भेटीत कळलं. लॅपटॉप दुरुस्तीला म्हणून एस.टी.नं कोल्हापूरला गेले होते, तेव्हा न सांगता शाहूपुरीतल्या ऑफिसात डोकावले. खाली बेअरिंगचं दुकान, वर आप्पांचं ऑफिस. ते टेबलाशी ताठ बसून संगणकाच्या पडद्याकडे टक लावून बघत होते. मधेच माऊस हलवत होते, कपाळाला आठी घालत होते. कारकून दारातूनच परत गेला, साहेब कामात आहेत म्हणून. मी पाठीमागून वळसा घालून गेले आणि पाहिलं, तर पडद्यावर नुसती पासवर्ड मागणारी चौकट होती. संगणक कधीचा कुलूप लावून बसला होता आणि आप्पा त्या कुलपाकडे बघत सकाळपासून काम करत होते.

मी आवाज दिल्यावर ते दचकले. मग कारकुनाला चहाला पिटाळलं आणि खालच्या आवाजात सांगितलं, की दोन्ही डोळ्यांत मधोमध काळं झालंय, कडेकडेचं तेवढं दिसतं. भिंत दिसते, पण भिंतीवरचं घड्याळ दिसत नाही. डॉक्टरनं सांगितलंय की गेलं ते गेलं, उरलेलं किती टिकेल ते बघू. घरी कुणाला ठाऊक आहे असं मी विचारलं, तर कुणालाच नाही. बायको कधीच वारलेली, मुलगा बांधकामाच्या धंद्यात आणि राहायला वेगळा. कारखाना बंद करून टाका म्हणून तो मागे लागलेला होताच. हे कळलं असतं तर एका दिवसात कुलूप लागलं असतं. आप्पा म्हणाले, ‘आंधळ्याच्या हाताखाली भट्टी कोण ठिवंल? मीबी ठिवली नसती.’

तेव्हा मला लांबच्या पोरीचं कोडं सुटलं. कोल्हापुरातली पोरगी ठेवली असती तर आठवडाभरात मुलाच्या कानावर गेलं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ती मूठ झाकायला त्यांना माळ्यावरची मी सापडले होते. लोखंडाचं त्यांचं अडत नव्हतं. ओतलेल्या भागावरून ते नख फिरवायचे, हातोडीनं हलकेच ठोकून नाद ऐकायचे आणि कुठे पोकळ आहे ते सांगायचे. पण जगाला खात्री पटते ती मेलच्या उत्तरानं. सकाळी आलेल्या मेलला दुपारच्या आत रोखठोक उत्तर गेलं, की चेन्नईपासून मुलापर्यंत सगळ्यांना वाटायचं, आप्पा अजून खणखणीत आहेत. घरी जाताना एस.टी.त मला पहिल्यांदा भीती वाटली. एका माणसाचं उरलेलं सगळं आयुष्य माझ्या तोंडातून जात होतं.

त्यांच्या पेटीतला एकच मेल असा होता ज्याची ते वाट बघायचे. तो दर रविवारी ऑस्ट्रेलियातून यायचा, इंजिनेराचा. खरं नाव वेगळं, पण आप्पांनी त्यांना दुसऱ्या नावानं कधी हाक मारलीच नसावी. दोघांनी मिळून तरुणपणी कारखाना काढला होता. मग एका मोठ्या ऑर्डरीत पंपाच्या बॉडीला भेग गेली, सगळा माल परत आला आणि भागी मोडली. इंजिनेर नोकरीला लागले, म्हातारपणी मुलीकडे परदेशात गेले. ती भेग कुणामुळे गेली यावर दोघं अजून भांडत होते. आप्पांचं म्हणणं, इंजिनेरानं भंगार वाईट घेतलं, लोखंडाचं मिश्रण बिघडवलं. इंजिनेरांचं म्हणणं, आप्पांनी साचा गरम असताना फोडला, लोखंड निवू दिलं नाही. मेलच्या पहिल्या दोन ओळी तब्येतीच्या, शेवटच्या दोन नातवंडांच्या आणि मधे सगळी भेग. ते वाचताना आप्पा फोनवर इतके चवताळायचे, की मला कळायचं, आज त्यांना बरं वाटतंय.

एका सकाळी त्या पत्त्यावरून मेल आला, पण लिहिलेला मुलीनं होता. बाबा झोपेतच गेले, सगळं आटोपलं, तुमची आठवण फार काढायचे. मी तो माळ्यावर एकटीनं वाचला आणि फोन वाजेपर्यंत नुसती बसून राहिले.

आता आमच्याकडे मेल्याची बातमी कुणी सरळ देत नाही. ‘सीरियस आहेत, जमलं तर येऊन जा’ असा निरोप येतो. सांगणाऱ्याला ठाऊक असतं, ऐकणाऱ्याला उमगतं आणि तरीही घराच्या कोपऱ्यावर माणसं जमलेली दिसेपर्यंत दोघंही ते कबूल करत नाहीत. तेवढ्या वेळात माणूस दोन घास खातो, घराला कुलूप लावतो, मनाची तयारी करतो. मी त्याच मातीतली. आप्पा एकटे, साखर वाढलेली, अजून पोटात काही गेलं नसणार. ‘वाच’ म्हटल्यावर मी जरा थांबले, मग म्हटलं, ‘आप्पा, इंजिनेरसाहेब सीरियस आहेत म्हणे. मुलीनं कळवलंय.’

पलीकडे खुर्ची करकरली. मग म्हणाले, ‘लिही त्याला. इंग्रजीत नगं. मी बोलतो तसंच लिही.’ आणि त्यांनी सांगितलं, ‘इंजिनेर, भेग तुझ्या लोखंडानं गेली न्हवती. तू जेवायला गेलतास. लॉरी दारात हुती, ड्रायव्हर बोंबलत हुता. साचा मी फोडला, गरम असताना. तुझं लोखंड चांगलं हुतं. वाचलंस की कळीव.’ मी जसंच्या तसं लिहिलं. परत वाचून दाखवायला त्यांनी त्या दिवशी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, काय आलं का. मी नाही म्हटलं. त्याच्या पुढच्या दिवशीही विचारलं. माझ्या मनात नको ते यायला लागलं. पेटी माझ्या हातात, डोळे माझे, आवाज माझा. ‘माफ केलं रे आप्पा’ एवढं इंजिनेरांच्या नावानं वाचून दाखवलं असतं, तर कोण धरणार होतं? म्हाताऱ्याचा जीव थंडावला असता. पण मग त्यांच्या पुढच्या एकाही सकाळी मी खरं वाचते आहे की नाही, हे मलाच सांगता आलं नसतं. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं तेव्हा मी सांगून टाकलं, की आप्पा, ते तुम्ही मेल सांगितलात त्याच्या आधीच गेले होते.

‘ठावं हाय की,’ आप्पा म्हणाले. ‘सीरियस म्हटलीस तवाच कळलं. मी काय मुंबईचा हाय?’

मग ते लिहायला का लावलंत, असं मी विचारलं. ते म्हणाले, ‘जित्याला कबूल केलं असतं व्हय मी? डोक्यावर घिऊन नाचला असता त्यो.’ आणि उत्तराची वाट का बघत होतात, हे मी विचारलं नाही. काही गोष्टी विचारायच्या नसतात.

मेलेल्याची पेटी कोण उघडतंय, असा त्यांचा हिशेब होता. पण इंजिनेरांची पेटी त्यांची मुलगी बघत होती. तिनं तो मेल वाचला आणि ती घाबरली. आपण बाबा गेल्याचं कळवलं असताना आप्पाकाका त्यांनाच लिहितात, वर उत्तर मागतात, म्हणजे म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम तर नाही झाला? तिनं काळजीनं आप्पांच्या मुलाला फोन केला. त्यात तिचं काही चुकलं नाही. मुलगा तसाच ऑफिसात आला, समोर बसला आणि वडिलांना म्हणाला, तो मेल मला वाचून दाखवा. आप्पांनी माऊस हलवला, कपाळाला आठी घातली. पुढे काय झालं ते मला त्यांनी कधी सांगितलं नाही. कारकुनानं एवढंच सांगितलं, की मुलगा बाहेर येऊन जिन्यात बराच वेळ उभा होता.

त्या मुलाला मी दुष्ट म्हणणार नाही. मला त्यानं फोन केला तो रागावून नाही. एवढंच म्हणाला, ‘ताई, भट्टी चालू असते तिथं. बाबा कडेनं चालताना एक पाऊल चुकलं असतं तर?’ त्यानं माझे आभार मानले आणि पासवर्ड बदलला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सवयीनं पेटी उघडायला गेले, तर पडद्यावर तीच रिकामी चौकट. मी माळ्यावर काजूच्या पोत्याला टेकून रडले. आपल्या माणसाच्या घराला परक्याचं कुलूप दिसावं तसं झालं.

आणि फोन वाजला. ‘वाच.’

मी म्हटलं, ‘आप्पा, तुमचं आता मला काही दिसत नाही.’

‘असं व्हय,’ ते म्हणाले. ‘मग आता दोघंबी आंधळी.’ मी सरळ बातमी दिली असती तर हे झालं नसतं, असं मी बोलायला लागले, तर त्यांनी मला झिडकारलं. तू रीत पाळलीस म्हणाले, इंजिनेराची पेटी त्याची पोरगी बघत असणार हे मला कळायला पाहिजे होतं, माझी तर परकी पोरगी बघते. नंतरही काही दिवस फोन येत राहिला. पाऊस किती झाला, लाईट आहे का, आईची वंदना झाली का, एवढंच बोलणं व्हायचं. ज्या माणसानं मला कधी पाऊस विचारला नव्हता, तो आता फक्त पाऊस विचारायचा. कारखाना बंद झाला. भट्टी विझवली त्या दिवशी त्यांनी फोन केला नाही आणि मलाही करायचा धीर झाला नाही. शेड कुणाला तरी गोडाऊनला दिली. मुलानं सगळ्या गिऱ्हाइकांना एकच मेल पाठवला, की आप्पा निवृत्त झाले. झाकलेली मूठ उघडली आणि आत बघायलाही कुणी आलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात आप्पा गेले. त्याआधी एकदा मी त्यांना भेटून आले होते. मुलाच्या फ्लॅटवर गॅलरीत त्यांची खुर्ची मांडलेली होती आणि पुढ्यातल्या टेबलावर एक फोन. मुलानं त्यात मेल मोठ्यानं वाचून दाखवायची सोय करून दिली होती, कुणाची गरज नको म्हणून. मी गेले तेव्हा तो फोन बाईच्या गुळगुळीत आवाजात कसल्या तरी विम्याची जाहिरात वाचत होता. आप्पा ती पूर्ण ऐकून घेत होते. आता त्यांना दुसरं कुणी लिहीत नव्हतं.

मी विचारलं, कसं वाचतंय?

‘झ्याक वाचतंय. उच्चार तुझ्यापरीस चांगलं हायत. पण थांबत न्हाय.’ मला कळलं नाही. तेव्हा म्हणाले, ‘वाईट असलं की तू आधी थांबायचीस. तेवढ्यात मी खुर्चीचा हात धरून बसायचो. हे मयताचं आन् साबणाचं एका दमात वाचतंय.’

सून चहा ठेवून गेली. मग त्यांनी मान थोडी तिरकी केली, कडेनं बघणारी माणसं करतात तशी, आणि म्हणाले, ‘तुझं तोंड कसलं हाय ते काय मला ठावं न्हाय. बघायला जातो तर तिथंच काळं येतंय. वाच की.’

‘काय वाचू?’

‘तोंड. हाय तसं. काइंडली घालू नगंस.’

मी वाचायला लागले. रंग सावळा, आईवर गेलाय. कपाळ मोठं आहे. नाक बसकं. डाव्या भुवईवर खूण आहे, लहानपणी काजूच्या झाडावरून पडले होते त्याची. केस दाट, एक वेणी घालते. समोरचा एक दात थोडा पुढे आहे, त्यामुळे फोटोत हसत नाही. आप्पा डोळे मिटून, प्रत्येकाला हुंकार देत ऐकत होते, चेन्नईचा मेल ऐकावा तसे. मग मी म्हटलं, डोळे.

आणि पुढे मला वाचता येईना.

‘थांबलीस,’ आप्पा म्हणाले आणि त्यांनी खुर्चीचा हात धरला.